तळमजल्याचे हालकुडे सर

माणूस चांगला असला की त्याचा वैताग येत नाही, असा एक समज आहे. हा समज बाळगणारी माणसं हालकुडे सरांना भेटलेली नाहीत. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये मी त्यांच्यासोबत पाच वर्षं काढली. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी प्राणिशास्त्र. त्या पाच वर्षांत मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. त्यांच्याइतका सरळ माणूस मला नंतर भेटला नाही, हेही तितकंच खरं.

पूर्ण नाव मन्मथ हालकुडे, गाव जळकोट. उंच, किडकिडीत. कपाळावर सकाळी ओढलेले विभूतीचे तीन पट्टे आणि खिशात पांढरे रुमाल. एक नाही, चार. चारही ओले. खिशाभोवती पाण्याचा डाग पडलेला असायचा आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. हॉलमध्ये शिरले की आधी शेवटच्या बाकावर रुमाल फिरवायचे आणि पोरांना दाखवायचे. रुमाल काळा. मग दुसरा रुमाल खिडकीच्या गजावर. तोही काळा. “हे बाहेर हाय म्हणून दिसतंय,” म्हणायचे. “आत गेलेलं कोण पुसणार?” एवढं झालं की मग तास सुरू. साठ मिनिटांतली पाच मिनिटं या कार्यक्रमात जायची, आणि ती पाच मिनिटं आमचे संचालक घड्याळ लावून मोजायचे.

पोरं हसायची. एकानं एकदा धीर करून विचारलं, की सर, रोज कपाळाला राख लावणारा माणूस धुळीला एवढा का घाबरतो. सर रागावले नाहीत. “ती कपाळावर हाय,” म्हणाले. “आत न्हाई.” आणि लगेच फळ्याकडे वळून मीठ आणि आम्लाचं समीकरण लिहायला लागले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गाड्यांचा, जनरेटरचा, भट्ट्यांचा धूर फुफ्फुसात थांबत नाही. फार बारीक कण असले की ते रक्तात उतरतात, आणि रक्त डोक्यातही जातं. विशीच्या आतबाहेरच्या पोरांचा मेंदू अजून घडत असतो. ओल्या भिंतीला जे लागेल ते चिकटतं, तसं. लक्ष लागत नाही, वाचलेलं राहत नाही, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात मोबाइलमुळे. मी म्हणायचे, मोबाइलमुळेही होतंच की. ते म्हणायचे, होतंच, पण मोबाइल काढून घेता येतो. हवा कुठं काढून ठेवणार?

याचा त्रास सगळ्यात जास्त कांताबाईंना झाला. कांताबाई आमच्या इमारतीची साफसफाई बघायच्या. सरांनी त्यांचा झाडू बंद करवला. कोरडं झाडलं की धूळ उडते, म्हणून फक्त ओलं पुसायचं, तेही दिवसातून तीनदा. कांताबाई माझ्यापाशी येऊन म्हणायच्या, की या माणसाच्या बायकोची मला कीव येते. त्यांची बायको जळकोटला शाळेत होती आणि सुट्टीला लातूरला यायची. मला वाटतं तिचं बरं चाललं होतं.

एकदा मीही त्यांना कात्रीत पकडलं. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून जायची. म्हटलं, सर, पोरांना सांगता आणि स्वतः हे काय? त्यांनी स्कूटर घरी लावून टाकली. दुसऱ्या दिवसापासून पायी येऊ लागले. चार किलोमीटर. पोचेपर्यंत पहिल्या तासाची दहा मिनिटं गेलेली, आणि ती दहा मिनिटं सांभाळायला मी. तोंड उघडल्याचा मला पश्चात्ताप झाला.

आता आमच्या क्लासची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दर दुसऱ्या रविवारी परीक्षा. सोमवारी जिन्यापाशी यादी. यादीप्रमाणे पोरांनी दप्तर उचलायचं आणि आपापल्या नव्या हॉलमध्ये जाऊन बसायचं. अ बॅच तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, एसी, खिडकीबाहेर कडुलिंबाची झाडं. ब दुसऱ्या मजल्यावर, क पहिल्या. ड तळमजल्यावर. तिथं पूर्वी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शटर तसंच होतं आणि शटरपलीकडे थेट रस्ता. सिग्नल दारासमोरच. लाल दिवा लागला की ट्रक, ऑटो, ट्रॅव्हल्स सगळ्या आमच्या दाराशी घरघरत उभ्या. मागच्या खिडकीला लागून इमारतीचं जनरेटर. वरच्यांचा एसी त्याच्यावर चालायचा, आणि धूर खालच्यांच्या वाट्याला.

‘खाली गेला’ असं आम्ही म्हणायचो. खाली गेलेलं लेकरू सहसा वर येत नसे. आम्ही सगळे म्हणायचो, त्याची झेपच तेवढी. मीही म्हणायचे. माझी स्वतःची मुलगी तिसऱ्या मजल्यावर होती, स्टाफची म्हणून फी न भरता, आणि तिची झेप मोठी आहे याविषयी मला कधी शंका आली नव्हती.

हालकुडे सर आधी वरच शिकवायचे. एका दुपारी कुणा बड्या पालकाची गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर आत गारव्याला बसलेला, इंजिन चालू. सर शिकवता शिकवता खाली गेले, ड्रायव्हरला काही न बोलता हात आत घालून किल्ली काढली आणि ती किल्ली घेऊन परत वर येऊन उरलेला तास घेतला. तो पालक अर्धा तास स्टाफरूममध्ये ओरडत होता आणि आम्ही त्याला चहा पाजत होतो. दुसऱ्या दिवसापासून सरांची नेमणूक तळमजल्यावर झाली. शिक्षा म्हणूनच झाली होती, पण ते खूश दिसले.

तळमजल्यावर बसल्यावर त्यांनी एक वही घातली. खाली आलेल्या प्रत्येक पोराचे आधीच्या चार परीक्षांचे गुण आणि नंतरच्या चारांचे. बहुतेक पोरं खाली आल्यावर अजून घसरत होती. मी ती वही बघितली आणि शहाणपणानं सांगितलं, की खाली आल्याचं मनाला लागतं, हुरूप जातो, सिग्नलचा आवाज असतो, उकाडा असतो. धुराचंच काय घेऊन बसलात? त्यांनी मान हलवली. सगळं खरं आहे म्हणाले. कशानं किती, ते वेगळं काढता येणार नाही.

“पण मॅडम, हुशार म्हणून वर बसवलं, का वर बसवलं म्हणून हुशार, हे कुणी तपासलं?”

मी चहा संपवून तासाला गेले. त्यांचा वैताग यायचा तो अशा वेळी.

ते मात्र संचालकांकडे गेले. पंधरा दिवस फक्त अ बॅच खाली बसवा आणि ड वर, मग बघू. संचालक आधी हसले, मग त्यांना कळलं की हा माणूस खरंच म्हणतोय. चौकातल्या फ्लेक्सवर फोटो लागतो तो अ बॅचचा. त्यांना जनरेटरजवळ बसवलं तर पालक इमारत डोक्यावर घेतील. सर म्हणाले, म्हणजे तिथं त्रास होतो हे तुम्हालाही माहीत आहे. झालं. संचालक तांबडेलाल. आम्ही बाकीचे शिक्षक तिथंच होतो आणि आम्ही एकमुखानं संचालकांच्या बाजूनं माना डोलावल्या. माझी मान जरा जास्तच जोरात डोलली असेल.

त्याच सुमाराला शिवानी खाली आली. ती भोकरची. वडलांचं तिथं खतबियाणांचं दुकान. आई आणि लेक लातूरला एका खोलीत राहून दोन वर्षं अभ्यास, आणि बाप गावाकडे हातानं भाकरी थापतोय, ही पद्धत आपल्याकडे आता कुणाला वेगळी वाटत नाही. शिवानी ब बॅचची, बरी चाललेली. पावसाळ्यात तापानं आजारी पडली, एक परीक्षा बुडाली आणि थेट तळमजल्यावर आली. मग दर परीक्षेला चार गुण खाली. दुपारी चारला डोकं दुखायचं. मला म्हणाली, मॅडम, ओळ वाचते, शेवटाला जाईस्तोवर सुरुवात गेलेली असते. घरी ठरलं होतं, दिवाळीपर्यंत पोरगी वर आली नाही तर खोली सोडायची आणि भोकरला परत. वडील वाईट नव्हते. पोरीचं डोकं चालत नाही तर तिला कशाला छळायचं, असं त्यांचं म्हणणं.

सरांना तिची खोली बघायची होती. मायलेकींच्या खोलीवर एकट्यानं जाणं बरं दिसणार नाही, म्हणून मला ओढून नेलं, तेही रविवारी. खोली दुसऱ्या मजल्यावर. एकुलत्या एका खिडकीला खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवलेली. खाटेखाली भरदिवसा डासांची कॉइल जळत होती, देवाच्या फोटोपुढे धूप, उदबत्ती. टेबलावर भिजवलेले बदाम आणि शंखपुष्पीची बाटली. मेंदूसाठी जे जे करता येईल ते त्या माउलीनं केलं होतं, आणि खोलीत शिरताच माझे डोळे चुरचुरायला लागले.

सरांनी कॉइल विझवली. मग कुणाला न विचारता खिडकीकडे गेले आणि टराटरा कागद फाडले. खिडकी उघडली. खाली बेकरीची भट्टी होती. लाकडं पेटलेली, धुराडं बरोबर खिडकीच्या उंचीचं. सगळा धूर सरळ आमच्या तोंडावर.

“सर,” शिवानीची आई शांतपणे म्हणाली, “म्हणूनच लावले होते कागद.”

हातात फाटका कागद धरून उभे असलेले हालकुडे सर मी तेव्हा पाहिले. खिडकी लावून घेतली, खाटेच्या कडेला बसले. “उघडा म्हणलं तर हे, झाका म्हणलं तर ते,” म्हणाले. “माणसानं जावं कुठं?” मग उठले आणि विचारलं, ताई, कणीक आहे का? स्वतः खळ शिजवली आणि कागद परत चिकटवले. एक तावदान मोकळं ठेवलं. भट्टी दुपारी थंड असते तेवढ्या वेळात ते उघडायचं असं ठरवून दिलं. देवापुढचा धूप बंद करा म्हणायला माझी जीभ रेटली नसती, त्यांची रेटली. फुलं वाहा म्हणाले, देवालाबी चालतंय, पोरीलाबी. दुसऱ्या दिवशी एक मच्छरदाणी नेऊन दिली.

जिना उतरताना मला म्हणाले, “पोरगी ढ न्हाई मॅडम. पण तिला हे माझ्या गोड बोलण्यानं पटणार न्हाई. तिला ते पेपरात दिसाया पाहिजे.”

दसऱ्यानंतर संचालक अ बॅचला घेऊन शहराबाहेर बारा दिवसांच्या निवासी शिबिराला गेले. तिसरा मजला रिकामा. किल्ली कांताबाईंकडे. ज्या बाईला या माणसानं सगळ्यात जास्त छळलं होतं तिनं ती मुकाट्यानं काढून दिली. मला म्हणाली, बारा दिवस खालचं पुसायचं तरी वाचलं. मला ते कारण खरं वाटलं नाही.

बारा दिवस ड बॅच लिंबाच्या बाजूला बसली. बाराव्या दिवशी रविवारी सरांनी तिथंच परीक्षा घेतली. मी त्या दिवशी खाली पेपर काढत बसले होते. काय चाललंय बघावं म्हणून वर गेले. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून पाहिलं. चाळीस पोरं माना खाली घालून लिहीत होती. सर मधून फिरत होते. एकही पोरगं इकडेतिकडे बघत नव्हतं. शिवानी खिडकीजवळ होती आणि तिचा हात थांबत नव्हता. पंधरा मिनिटं मी तिथं उभी असेन. मग खाली गेले.

निम्म्याहून जास्त पोरांचे गुण वाढले. फार नाही, पण वाढले. शिवानी ब बॅचमध्ये बसेल एवढी वर आली. सोमवारी सकाळी हालकुडे सर हॉलमध्ये शिरले आणि बाक न पुसताच शिकवायला लागले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

संचालक दुपारी परतले. त्यांनी गुण बघितले आणि त्यांना कसलंच कोडं पडलं नाही. ड बॅचला एवढे गुण मिळाले म्हणजे ड बॅचनं कॉपी केली. मीटिंग बोलावली. परीक्षेला सोबत दुसरं कोण होतं, त्यांनी विचारलं. प्रयोगाला साक्षीदार पाहिजे असं आयुष्यभर पोरांना शिकवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या सगळ्यात मोठ्या प्रयोगाला दुसरा परीक्षक घेतला नव्हता. उत्साहात विसरला. असा राग आला मला त्यांचा.

सर क्षणभर थांबले. “कुणीच नव्हतं,” म्हणाले.

ते टेबलाकडे बघत होते. मीही टेबलाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालीच फेरपरीक्षा. अर्ध्या तासात लाइट गेली आणि जनरेटर सुरू झालं. सरांनी चारही रुमाल खिडकीच्या फटीत कोंबले, त्यानं काय होणार? पोरं आधीच भेदरलेली. शिवानीनं अर्धा पेपर कोरा सोडला आणि बाकावर डोकं टेकवलं. संध्याकाळी जिन्यापाशी नोटीस लागली, ड बॅचची आधीची परीक्षा गैरप्रकारामुळे रद्द. मी सरांना म्हटलं, बघितलंत, जनरेटर सुरू झालं आणि पोरं परत पडली, हे तरी त्यांना सांगा. तर मलाच म्हणाले, भीतीनंबी पडली असतील, धुरानंच पडली असं मी म्हणणार न्हाई. स्वतःचं घर जळत असतानाही हा माणूस मोजमाप चुकू देणार नव्हता. मला तर हात जोडावेसे वाटले, आणि ते आदरानं नव्हे.

दिवाळीच्या आधीच शिवानीच्या आईनं खोली सोडली. सर आणि मी स्टँडवर सामान पोचवायला गेलो. माझ्या हातात ती मच्छरदाणी होती, घडी करून दोरीनं बांधलेली. बसमध्ये चढायच्या आधी शिवानी वळली.

“सर, मला खरंच आलं होतं का?”

“आलं होतं माय.”

“तुम्ही तर म्हणणारच,” ती म्हणाली. रडली वगैरे नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी मच्छरदाणी तिच्या आईकडे दिली आणि जपून जा म्हणाले.

त्या महिन्यात सरांनी क्लास सोडला. माझ्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, मग नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नांदेडला आलो. मधे तीन वर्षं गेली.

दोन महिन्यांपूर्वी लातूरहून नांदेडला येताना माझी एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली होती. खाली ड्रायव्हरशी कुणीतरी वाद घालत होतं, आणि आवाज ऐकल्याबरोबर मी डोक्याला हात लावला. हालकुडे सर. विभूती, ओला खिसा, सगळं तसंच, केस तेवढे पांढरे. ते आता अहमदपूरच्या शाळेत शिकवत होते, हे मागून कळलं. फलाटावर कॉलेजची पोरं उभी, बसचं इंजिन चालू आणि धूर पोरांच्या तोंडावर. सरांचं म्हणणं, उभ्या गाडीचं इंजिन बंद कर. ड्रायव्हर काकुळतीला आलेला. स्टार्टर गेलाय सर, बंद केली तर धक्का मारावा लागंल.

“मारतो की,” सर म्हणाले.

ड्रायव्हरनं कंटाळून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. बसमधल्या सगळ्यांनी सरांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली, मला नांदेडला उशीर होणार होता, मीही मोडली. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि खिडकीखाली आले. मुलगी काय करते, कांताबाई कुठं असतात, एवढं विचारलं. मग खिडकीच्या गजावर रुमाल फिरवला, त्याच्याकडे बघितलं आणि घडी घातली.

“मॅडम, त्या रविवारी तुम्ही दाराशी होता. काचेत दिसला होता.”

मी विचारलं, मग मीटिंगमध्ये माझं नाव का घेतलं नाही?

“तुमची पोरगी वर होती,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. “मी म्हणलं, तुम्हीच बोलाल. मला न्हाई सांगितलं तरी चालंल आता. शिवानीला सांगा, काचेतनं काय बघितलं ते. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसायचा न्हाई. नांदेडहून भोकर जवळ हाय.”

कंडक्टरनं घंटी मारली. सर फलाटावरच्या पोरांना हाका मारत मागे गेले. आठदहा पोरं आणि हा साठीचा माणूस, सगळ्यांनी बसला धक्का मारला. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, सुरू झालं, आणि काळा लोट निघाला. मी मागे वळून पाहिलं. सर पोरांना दोन्ही हातांनी धुरापासून बाजूला लोटत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी हातानं खूण केली, खिडकी लावून घ्या.

मी खिडकी लावून घेतली.

हे सगळं लिहून काढायला मला दोन महिने लागले. भोकरला जायला दीड तास लागतो.